नॉरफोक ते मायामी, दोघेच: इंट्राकोस्टल जलमार्गाने दक्षिणेकडे जाताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण आणि आपल्या पत्नी, दोघेही पन्नाशी ओलांडलेले, ऑक्टोबरच्या मध्यास अ‍ॅनापोलिस सोडून आपल्या ३८ फुटी शिडाच्या बोटीने फ्लोरिडाला जाऊ इच्छिता आणि थँक्सगिव्हिंगच्या दिवशी (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) मायामीत मुलीला भेटण्याचा आपला बेत आहे. बोटीचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखालची खोली, साडेपाच फूट आहे, डोलकाठी अँटेनासह पाण्यापासून ५८ फूट उंच आहे, आणि चेसापीक उपसागराबाहेर आपण अद्याप गेलेला नाहीत. बाहेरून समुद्रातून जावे की आतल्या इंट्राकोस्टल जलमार्गाने, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या आतून नद्या, खाड्या आणि कालवे जोडून जाणाऱ्या वाटेने, किती दिवस धरावेत, आणि दोघांनाच हे झेपेल का, असे आपण विचारले आहे.

झेपेल. पहिल्या वेळी आतूनच जावे. बोटीत मला काही अडचण दिसत नाही. अडचण दिसते ती थँक्सगिव्हिंगच्या तारखेत. मी आणि माझी पत्नी हा मार्ग चार वेळा दक्षिणेकडे उतरलो आहोत, आणि आमच्या हातून झालेली प्रत्येक गंभीर चूक ही घाईतून झालेली होती.

आधी अंतराचे गणित पाहू. या मार्गाचा शून्य मैल व्हर्जिनियात, चेसापीकच्या दक्षिण टोकाजवळ नॉरफोक येथे, एलिझाबेथ नदीत आहे, आणि मायामी तेथून सुमारे १,०९० मैलांवर आहे. हे मैल जमिनीवरचे आहेत, सागरी नव्हेत, हे पहिल्याच दिवशी लक्षात ठेवावे. आपला वेगदर्शक नॉट, म्हणजे ताशी सागरी मैल, दाखवतो आणि नकाशावरचे आकडे जमिनीच्या मैलांत असतात, त्यामुळे नवखा माणूस पूल गाठण्याच्या वेळेत हमखास चुकतो. सहा नॉट म्हणजे ताशी जवळजवळ सात मैल. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे मागे गेली की नॉरफोकच्या परिसरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि या मार्गावर अंधारात चालणे मी कोणालाही सुचवणार नाही, कारण पाण्यात खेकड्यांच्या पिंजऱ्यांचे तरंगते बोये असतात आणि मार्गाच्या सगळ्याच खुणांवर दिवे नसतात. पुलांवरची वाट पाहणे धरले तर दिवसाला ४५ मैल हा प्रामाणिक आकडा आहे. म्हणजे नुसते चालण्याचे २४ दिवस झाले. त्यात वारा, पाऊस, इंजिनाची कुरबूर, कपडे धुणे आणि एखादे गाव आवडल्यामुळे झालेला मुक्काम मिळवला की सहा ते आठ आठवडे सहज होतात.

आता तारीख. वादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत धरला जातो, आणि अनेक विमा पॉलिसींमध्ये ठरावीक तारखेपर्यंत, बहुधा १ नोव्हेंबरपर्यंत, बोट अमुक अक्षांशाच्या दक्षिणेस नेऊ नये अशी अट असते. आपल्या पॉलिसीतील तो अक्षांश आजच वाचून घ्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात नॉरफोक सोडले तर थँक्सगिव्हिंगपर्यंत साधारण एक महिना मिळतो, आणि त्यात २४ दिवस चालायचे म्हटल्यावर सवडीचे जेमतेम आठवडाभर उरतात. एका उत्तरी वाऱ्याच्या झोताने त्यातले चार दिवस जातात. येथील खलाशी पाहुण्यांना सांगतात की आम्ही कोठे भेटू ते विचारा किंवा कधी भेटू ते विचारा, दोन्ही विचारू नका. मुलीला मायामीऐवजी ७७८ व्या मैलावरच्या सेंट ऑगस्टीनला बोलवा. जॅक्सनव्हिलचा विमानतळ तेथून जवळ आहे, आणि १५६५ साली वसलेले ते गाव सणाचे चार दिवस काढायला मायामीपेक्षा चांगले आहे असे माझे स्पष्ट मत आहे. तेथपर्यंत चालण्याचे १७-१८ दिवस धरले तर सवडीला दहा-बारा दिवस राहतात.

बाहेरून का नको, याचे कारण नॉर्थ कॅरोलिनातील केप हॅटरस हे भूशिर. तेथे उथळ वाळूचे दांडे समुद्रात दूरवर गेलेले आहेत आणि जवळूनच गल्फ स्ट्रीम उत्तरेकडे वाहतो. त्या प्रवाहावर उलटा उत्तरी वारा सुटला की लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात. नॉरफोकहून आतून निघून नॉर्थ कॅरोलिनातील ब्यूफोर्ट गाठले की हॅटरस टळतो. त्यापुढे मात्र बाहेरचा पर्याय मनात ठेवावा: हवामानाचा दोन दिवसांचा भरवसा असेल तर साउथ कॅरोलिनातील चार्ल्सटनहून बाहेर पडून फ्लोरिडाच्या उत्तर टोकाला फर्नांडिना बीचपाशी आत शिरता येते आणि जॉर्जियाचा उथळ भाग पूर्ण सुटतो. पण त्यात एक रात्र समुद्रात काढावी लागते. आपण रात्रीचा पहारा कधी केलेला नसेल तर तो अनुभव घेण्यासाठी ही जागा निवडू नये.

नॉरफोकमधून निघताना दोन वाटा फुटतात. एक डिस्मल स्वाँप कालव्याची, दुसरी ग्रेट ब्रिजच्या लॉकमधून (बोटीला वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दरवाजांच्या हौदातून) जाणारी, जिला व्हर्जिनिया कट म्हणतात. डिस्मल स्वाँप कालवा १८०५ साली वाहतुकीस खुला झाला आणि तो गुलाम मजुरांच्या हातांनी खणलेला आहे. त्याच दलदलीत पळून आलेल्या गुलामांनी पिढ्यान्पिढ्या आसरा घेतला. चहासारख्या तपकिरी, आरशासारख्या स्थिर पाण्यावरून दोन्ही बाजूंच्या झाडांमधून जाण्याचा तो अनुभव विलक्षण आहे. तरीही आपल्या बोटीला मी व्हर्जिनिया कटच सुचवेन. कालव्याची भरवशाची खोली सहा फूट आहे, आपला ड्राफ्ट साडेपाच, आणि तळाशी बुडालेले ओंडके असतात. कीलखाली, म्हणजे बोटीच्या तळाच्या कण्याखाली, सहा इंच पाणी घेऊन २२ मैल जाताना पत्नीला निसर्गसौंदर्य दिसणार नाही, फक्त धडधड ऐकू येईल. शिवाय वादळानंतर किंवा पाणी कमी झाल्यावर तो बंद असू शकतो. व्हर्जिनिया कटमध्ये एकच लॉक आहे, त्यातला पाण्याचा चढउतार एक-दोन फुटांचाच असतो, आणि पहिल्यांदा लॉक पाहणाऱ्या जोडप्याला सरावासाठी तो उत्तम आहे.

पुढे अल्बेमार्ल साउंड हा रुंद, उथळ खाडीसारखा जलाशय लागतो. येथे चंद्राची भरती-ओहोटी जवळजवळ नाही. पाणी वाऱ्याने चढते आणि वाऱ्याने उतरते. खोली पंधरा-वीस फूटच असल्यामुळे २० नॉटच्या वाऱ्यात लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि बोट पुढे जाण्याऐवजी एकाच जागी डोके आपटत राहते. वारा १५ नॉटच्या वर असेल तर अलीकडच्या कोइनजॉक गावी थांबावे. ही आडवी वाट चौदा-पंधरा मैलांचीच आहे. सकाळी लवकर निघाल्यास वारा उठण्यापूर्वी पार होते. हाच खडखडाट डिझेलच्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ ढवळून फिल्टरमध्ये आणतो, म्हणून इंजिन बहुधा भर साउंडमध्ये बंद पडते. निघण्यापूर्वी टाकी साफ करून घ्यावी, चार जादा फिल्टर आणि पाण्याच्या पंपातली दोन जादा रबरी चक्रे (इम्पेलर) जवळ असावीत, आणि ते बदलण्याचा सराव धक्क्याला बांधलेल्या बोटीत दोघांनीही एकेकदा करावा. शिडाची बोट असली तरी या मार्गावर आपण बहुतेक वेळ इंजिनावरच असाल. वारा बाजूने मिळाला तर पुढचे शीड उघडून अर्धा-एक नॉट मिळवायचा, एवढेच.

पुलांविषयी आपण काळजी व्यक्त केली आहे. या मार्गावरचे स्थिर पूल मोठ्या भरतीच्या पाण्यापासून ६५ फूट उंचीसाठी बांधलेले आहेत. एकदोन ठिकाणी, उदाहरणार्थ १२६ व्या मैलाजवळच्या विल्कर्सन पुलापाशी, फूटभर कमी मिळते. ५८ फुटांना त्याची अडचण नाही. अपवाद अगदी शेवटी येतो: मायामीतील ज्युलिया टटल पूल फक्त ५६ फूट आहे. म्हणून फोर्ट लॉडरडेलच्या पोर्ट एव्हरग्लेड्समधून समुद्रात बाहेर पडायचे आणि सुमारे वीस सागरी मैल खाली येऊन मायामीच्या गव्हर्नमेंट कटमधून आत शिरायचे. मात्र ५८ हा आकडा माहितीपत्रकातून घेतलेला असेल तर त्यावर विसंबू नका. सामान भरलेल्या बोटीत, डोलकाठीच्या टोकाला मोजपट्टी चढवून, अँटेना धरून स्वतः मोजा.

उघडणाऱ्या पुलांना रेडिओवर हाक मारावी लागते: व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात १३ व्या चॅनेलवर, साउथ कॅरोलिनापासून खाली ९ व्या चॅनेलवर. काही मागणीनुसार उघडतात, काही ठरावीक वेळांना, आणि शहरांतले गर्दीच्या वेळी उघडतच नाहीत. पुलाचे नाव, आपल्या बोटीचे नाव आणि दक्षिणेकडे जात आहोत एवढे तीन शब्दांत सांगावे, आणि पार झाल्यावर आभार मानावेत. अ‍ॅलिगेटर नदीवरच्या जुन्या फिरत्या पुलाच्या जागी उंच स्थिर पूल बांधण्याचे काम हाती घेतलेले आहे, त्यामुळे तेथील स्थिती निघण्याच्या आठवड्यात पाहून घ्यावी.

खुणांमध्ये गोंधळ होतो तो एकाच गोष्टीने. दक्षिणेकडे जाताना लाल त्रिकोण उजव्या हाताला, म्हणजे जमिनीच्या बाजूला, आणि हिरवे चौकोन डाव्या हाताला ठेवायचे. पण जेथे आपला मार्ग एखाद्या नदीच्या बंदरमार्गाशी एकरूप होतो तेथे नदीचे बोये समुद्रातून आत येणाऱ्या जहाजांसाठी मांडलेले असतात, आणि केप फिअर नदीतून समुद्राकडे उतरताना रंग अचानक उलटे दिसू लागतात. अशा वेळी बोयाच्या मूळ रंगाकडे न पाहता त्यावरची छोटी पिवळी खूण पाहावी: पिवळा त्रिकोण उजवीकडे, पिवळा चौकोन डावीकडे, मग तो त्रिकोण हिरव्या बोयावर का असेना.

ब्यूफोर्टपासून खरी भरती-ओहोटी सुरू होते आणि प्रवासाचा स्वभाव बदलतो. समुद्राचे प्रत्येक मुख जेथे जलमार्गाला छेदते तेथे वाळू साठते. न्यू रिव्हर, लॉकवूड्स फॉली आणि शॅलॉट ही त्यातली कुप्रसिद्ध नावे. छापील नकाशा तेथे निरुपयोगी ठरतो, कारण वाळू दर हंगामात सरकते. लष्कराचे अभियंता दल वेळोवेळी खोली मोजते आणि ती मोजणी अ‍ॅक्वा मॅपसारख्या अ‍ॅपमध्ये रंगांनी दिसते. त्या ताज्या मोजणीवर चालावे. कागदोपत्री या जलमार्गाची खोली नॉरफोकपासून फोर्ट पियर्सपर्यंत १२ फूट आहे, असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्यावे. कँप लेज्यून येथे नौदलाच्या पायदळाचा तोफांचा सराव असतो आणि त्या काळात जलमार्ग रोखून धरतात, तेव्हा वेळापत्रकात तेवढी जागा ठेवावी. स्नोज कटमधून केप फिअर नदीत उतरताना ओहोटी पाठीशी असेल अशी वेळ साधावी; दोन नॉट फुकट मिळतात, आणि चुकल्यास तेवढेच कापले जातात. मर्टल बीचजवळचा खडकात खोदलेला अरुंद भाग, ज्याला रॉक पाइल म्हणतात, तेथे शिरण्यापूर्वी रेडिओवर जाहीर करून समोरून बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू नौका, येत नाही ना याची खात्री करावी. तेथे वाळू नाही, दगड आहे. त्यानंतरची वॅकमॉ नदी मात्र खोल, शांत आणि दोन्ही काठांवर सायप्रसचे जंगल असलेली. तेथे एक दिवस जास्त राहा.

आता जॉर्जिया. सॅव्हाना नदीपासून सेंट मेरीज नदीपर्यंत सुमारे १४० मैल गवताळ खाऱ्या दलदलीतून वळणे घेत जावे लागते, आणि भरती-ओहोटीतला फरक सात ते नऊ फुटांचा असतो. माझे बालपण मालवणात गेले. उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) हे शब्द मी शाळेत जाण्याआधी शिकलो होतो, आणि तरीही मी येथेच रुतलो. जेकिल क्रीकमध्ये, ६८३ व्या मैलाच्या आसपास, भरती साडेअकराला होऊन गेली होती. आम्ही अडीचला तेथे शिरलो, कारण संध्याकाळी फर्नांडिनात मित्र वाट पाहत होते. पत्नी खोलीमापकावरचे आकडे मोठ्याने वाचत होती: आठ, सात, साडेसहा, सहा. मी नकाशाकडे बोट दाखवून सांगत होतो की येथे दहा फूट आहे. नंतर कीलखालून साबणावरून घसरल्यासारखा मऊ स्पर्श झाला आणि बोट थांबली. मी इंजिन उलटे टाकले, पाण्याला गाळाचा काळा रंग आला, बोट हलली नाही.

तेव्हा मला माझ्या वडिलांचे गणित आठवले, जे ते होडी ओढताना बोटांवर करीत. पाणी सहा तासांत सारख्या गतीने उतरत नाही: पहिल्या तासात बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, मग पुन्हा दोन आणि एक. आठ फुटांच्या फरकात मधल्या दोन तासांत चार फूट पाणी जाते, म्हणजे अर्ध्या तासाला एक फूट. आम्ही नेमके त्या दोन तासांच्या मध्यावर रुतलो होतो. पंधरा मिनिटे आपापसात वाद घालण्यात गेली तेव्हाच अर्धा फूट गेले होते. ओढून काढणाऱ्या बोटीला हाक मारली, पण तिलाही आमच्यापर्यंत यायला पाणी उरणार नव्हते. पावणेसहाला ओहोटी संपली तेव्हा आमची बोट चिखलात उजव्या कुशीवर कलली होती, कपाटाची दारे आपोआप उघडत होती, आणि झुलत्या शेगडीवर पत्नीने कांदेपोहे केले, कारण त्या बोटीत शेगडी एवढीच एक वस्तू सरळ उभी होती. रात्री पावणेनऊला बोट आपोआप तरंगली. कशाचेही नुकसान झाले नाही, कारण तळ चिखलाचा होता. रॉक पाइलमध्ये हीच गोष्ट घडली असती तर आपल्याला सांगायला बोट उरली नसती.

म्हणून जॉर्जियात दिवसाचा आराखडा मैलांवर नव्हे, पाण्यावर बांधावा. हेल गेट, लिटल मड रिव्हर आणि जेकिल क्रीक या तीन जागांसाठी, आणि त्याआधी साउथ कॅरोलिनातील अ‍ॅशपू-कूसॉ कटसाठीही, चढत्या पाण्याचा दुसरा अर्धा भाग निवडावा. चढत्या पाण्यात रुतलात तर अर्ध्या तासात सुटाल. सकाळी ओहोटी असेल तर नांगर टाकून दुपारपर्यंत वाट पाहावी आणि त्या दिवशी वीसच मैल झाले तर होऊ द्यावेत. नांगरालाही हाच हिशेब लागतो: ओहोटीला दहा फूट पाणी दिसत असेल, भरतीला आठ वाढणार असेल आणि नाळ (बोटीचे पुढचे टोक) पाण्यापासून चार फूट वर असेल, तर २२ फुटांच्या पाचपट, म्हणजे ११० फूट साखळी सोडावी. प्रवाह दर सहा तासांनी दिशा बदलतो आणि बोट पूर्ण वळते, तेव्हा मागेही तेवढीच मोकळी जागा हवी.

दोघांच्या कामाच्या वाटणीविषयी एक आग्रहाचे सांगणे आहे. बहुतेक जोडप्यांत नवरा सुकाणूवर उभा राहून ओरडतो आणि बायको जड दोर घेऊन धक्क्यावर उडी मारते. हे उलटे असावे. ज्याच्या अंगात जास्त ताकद आहे त्याने दोर आणि नांगर सांभाळावा, दुसऱ्याने सुकाणू. आपल्या पत्नीने चेसापीकमध्येच वीस वेळा बोट धक्क्याला लावून पाहावी. कानावर लावायचे बिनतारी हेडसेट घ्या; नाळेवरून मागे ओरडण्याची गरज संपते आणि नांगर टाकताना शेजारच्या बोटींचे मनोरंजनही थांबते. आमच्या बोटीवर जेकिलपासून एक नियम आहे: खोली वाचणाऱ्याने “थांब” म्हटले की सुकाणूवरच्या माणसाने कारण न विचारता इंजिन न्यूट्रल करायचे. नकाशावरची चर्चा नंतर. मागून मोटारबोट येऊन रेडिओवर पुढे जाण्याची परवानगी मागेल तेव्हा आपणही वेग जवळजवळ शून्यावर आणावा, म्हणजे तिला कमी लाट उठवून जाता येते. आपण सहा नॉटवरच राहिलात तर तिला जोरात जावेच लागते आणि आपली चहाची भांडी खाली येतात.

फ्लोरिडात शिरून दक्षिणेकडे उतरू लागले की पाणी निवळते आणि भरती-ओहोटी कमी होत दोन-तीन फुटांवर येते, पण मॅटान्झासच्या मुखापाशी वाळू पुन्हा पाहून चालावे. इंडियन रिव्हरमध्ये मॅनाटींसाठी (पाणगाईंसाठी) वेगमर्यादेच्या पाट्या आहेत; आपल्या वेगाला त्यांचा जाच नाही. व्हेरो बीचला लोक एका रात्रीसाठी येतात आणि महिनाभर राहतात, त्याची तयारी ठेवावी. पाम बीचच्या खाली उघडणाऱ्या पुलांची रांगच लागते आणि दिवस पुलांपुढे घिरट्या घालण्यात जातो, म्हणून हवा शांत असेल तर लेक वर्थच्या मुखातून बाहेर पडून पोर्ट एव्हरग्लेड्सपर्यंतचे ४० सागरी मैल किनाऱ्याला धरून जावे. गल्फ स्ट्रीम तेथे किनाऱ्याच्या अगदी जवळ असतो आणि थोडे बाहेर सरकलात तरी तो आपल्याला मागे ओढू लागतो. उत्तरी वाऱ्याच्या दिवशी मात्र पूल मोजत आतूनच यावे आणि ज्युलिया टटलसाठी पुढच्या शांत दिवसाची वाट पाहावी.

तोपर्यंत आपल्या पांढऱ्या बोटीच्या नाळेवर उत्तरेकडच्या तपकिरी पाण्याने मिशीसारखा डाग पाडलेला असेल. बाजारात त्यासाठी महागडी द्रावणे मिळतात. आम्ही लिंबाचा रस लावून अर्धा तास उन्हात ठेवतो आणि पाण्याने धुऊन काढतो.